शून्याची भूमिका आणि माझं सिंहासन

नाटकाचं वेड माणसाला कोणत्या वयात लागावं याला नियम नाही, पण मास्तरकीची नोकरी लागल्यावर लागू नये, एवढं मी अनुभवानं सांगू शकतो. मला ते अध्यापक विद्यालयात असताना लागलं. गॅदरिंगच्या नाटकात मला दूताचं काम मिळालं होतं. दूताला दोन वाक्यं होती. त्यातलं दुसरं मी विसरलो, पण पहिलं इतक्या खणखणीत आवाजात म्हटलं की मागच्या रांगेतली दोन लहान मुलं रडायला लागली. त्या रडण्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला आणि आपण नट आहोत असं मनाशी ठरवून टाकलं.

पुढं जिंतूर तालुक्यातल्या एका गावात नेमणूक झाली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. येलदरीचं धरण तिथून पायी तासाभरावर. धरणाची वीज आमच्या डोक्यावरच्या तारांमधून दूर कुठंतरी जायची आणि गावात कंदील असायचे. शाळा सातवीपर्यंत, खोल्या चार, मास्तर तीन. त्यातले मोठे गुरुजी म्हणजे हेडमास्तर निवृत्तीला आले होते आणि आलेली परिपत्रकं ते तंबाखूच्या पुड्या बांधायला वापरत. सातवीचं गणित माझ्याकडं होतं.

एक परिपत्रक मात्र पुडीत जाण्याआधी माझ्या हाती लागलं. जी शाळा कलेच्या उपक्रमातून मुलांचा अभ्यास सुधारून दाखवील, तिला अनुदान मिळणार होतं. सोबत चार पानी फॉर्म होता. मी तो मोठ्या गुरुजींना दाखवला. त्यांनी चष्मा न लावताच तो परत दिला.

"असल्या कागदाला हात लावला की तो हाताला चिकटतो," ते म्हणाले.

मी त्यांची कीव केली. म्हातारं माणूस, कलेची नजर नाही, असं मनात म्हणालो आणि त्याच दिवशी फॉर्म भरायला बसलो. मी एक नाटक लिहिणार होतो, गणितावरचं. मुलं आकड्यांची कामं करणार आणि नाटक करता करता त्यांना गणित येणार. पाढे म्हणून घसा कोरडा करायची गरजच उरणार नव्हती. दरखास्तीची भाषा मी इतकी फुलवली होती की वाचताना माझाच ऊर भरून आला.

तिसऱ्या पानावर एक रकाना होता. उपक्रमामुळं ज्याचा अभ्यास सुधारेल अशा एका विद्यार्थ्याचं उदाहरण द्या. मी जराही न थांबता सातवीतल्या एका मुलीचं नाव लिहिलं. बाकी सगळ्या विषयांत ती चांगली होती, गणितात मात्र कच्ची. उदाहरणाला अगदी योग्य.

ती बौद्ध वस्तीतली. वडील एका मोठ्या शेतकऱ्याकडं सालानं होते. स्वतः प्रौढांच्या वर्गात बसून अक्षर ओळखायला शिकलेले, आणि रस्त्यात कागदाचा कपटा दिसला तरी उचलून वाचून पाहणारे. फॉर्म पाठवल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. सारवलेल्या ओट्यावर त्यांनी घोंगडं टाकलं, बिनदुधाचा चहा दिला.

"पोरगी सातवी पास झाली की सेलूला बोर्डिंगात टाकायची हाय," ते म्हणाले. "तिथं जागा देतो म्हणलेत. पण पास पायजे. नापास झाली तर मग खुरपं हायच तिच्या हातात. मला काय ते बदलता येत न्हाई, गुरुजी. घरात हात कमी हायत."

"नाटकामुळं तिचं गणित पक्कं होईल, दादा," मी म्हणालो. "तिलाच मुख्य काम दिलंय. शून्याचं."

त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"शून्यच कामून? आमच्याच पोरीला?"

मी गडबडलो, पण नट होतो, लगेच सावरलो. शून्य हाच या नाटकाचा नायक कसा, सगळे त्याला हिणवतात आणि शेवटी तोच राज्य कसा वाचवतो, हे मी हातवारे करून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "तुमी म्हणायलाव तर असंल," एवढंच म्हणाले. माझं बोलणं पटल्यामुळं ते गप्प बसले असं मला तेव्हा वाटलं.

अनुदान मंजूर झालं. त्यात मुलांना रंग, कागद, पुस्तकं, एखादी ढोलकी असं बरंच काही घेता आलं असतं. मी सेलूला गेलो आणि सगळ्याचा पडदा रंगवून आणला. तिथं जिनिंगच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर नाटकाचे पडदेही करून देई. त्याला एकच पडदा येत होता, दरबाराचा. खांब, झुंबर, दोन मोर आणि मधोमध सिंहासन. पडदा जाड होता आणि तेलरंगानं आणखी जड झाला होता. एस.टी.च्या टपावर तो चढवताना कंडक्टरनं विचारलं, आत काय आहे. मी म्हणालो, राजवाडा.

उरलेल्या चिल्लरमध्ये मी माझ्या मुकुटासाठी सोनेरी कागद घेतला.

हो, मुकुट मलाच हवा होता. नाटकाचा राजा म्हणजे नऊ, सगळ्या आकड्यांत मोठा. त्याचं स्वगत मी दोन पानांचं लिहिलं होतं आणि एवढं पाठ करणारा मुलगा शाळेत नव्हता. निदान मी शोधला नाही. राजा नऊ शून्याला दरबारातून हाकलून देतो. मग शत्रू चालून येतो, सगळे आकडे पळतात, एकटा एक उरतो. तेव्हा शून्य परत येतं, एकाच्या शेजारी, बघणाऱ्यांच्या उजव्या हाताला उभं राहतं, दोघांचे मिळून दहा होतात आणि शत्रू पळून जातो. खरं म्हणजे इथं नाटक संपायला हवं होतं. पण त्यानंतर पश्चात्ताप झालेल्या नऊचं स्वगत होतं, तेही सिंहासनासमोर उभं राहून, म्हणजे अगदी मधोमध.

शून्याला एकच वाक्य होतं. "मी आले. आता मोजा." मोठ्या गुरुजींच्या मोडक्या सायकलचा टायर गळ्यात घालून ते म्हणायचं.

नाटक गणिताचं असल्यामुळं तालीम गणिताच्या तासाला घेण्यात मला काही गैर वाटलं नाही. अडीच महिने तालमी चालल्या. व्याज राहिलं, क्षेत्रफळ राहिलं, भागाकाराची उजळणी राहिली. मोठ्या गुरुजींनी एकदा दारातून डोकावून पाहिलं. मी पश्चात्तापात होतो, हात आभाळाकडं. ते तसेच माघारी फिरले.

प्रयोग मार्चमध्ये ठरला. अनुदानाचं काय झालं ते पाहायला तालुक्याहून साहेब येणार होते. त्यांना संध्याकाळच्या गाडीनं परतायचं असल्यामुळं प्रयोग भर दुपारी. मी सकाळी उठून दाढी केली, स्वगत तीनदा म्हटलं आणि शाळेत आलो. मैदानावर मांडव उभा होता. सरपंचांची माणसं दोर आवळत होती. मांडवावर माझा पडदा घातला होता. रंगवलेली बाजू वर.

"हे काय केलं?" मी विचारलं.

"साहेबाला ऊन लागलं असतं की," सरपंच म्हणाले. "गावात एवढं जाड कापड दुसरं कुठं हाय?"

"पण रंग वर कामून?" माझ्याही तोंडून तिथलाच शब्द निघाला.

"रंग तापतोय, गुरुजी. कोरी बाजू खाली घेतली म्हंजी गार ऱ्हातंय. आमी सकाळपासून लागलोय कामाला."

चेहरे इतके समाधानी होते की मला पुढं बोलता येईना. आणि त्यांचं चुकलं तरी काय होतं? आमच्या भागात मार्चच्या दुपारी पाहुण्याला पहिली सावली देतात, मग पाणी, मग बाकीचं. राजवाडा आभाळाकडं तोंड करून पडला होता. त्याच्याकडं पाहणारी एक घार तेवढी वर फिरत होती.

साहेब आले, सरपंचांकडं येलदरीची मासळी जेवले आणि गार सावलीत खुर्चीवर बसले. माझं पहिलं स्वगत संपायच्या आत त्यांचे डोळे मिटले. घामानं माझ्या मुकुटाचा कागद सुटून कपाळावर आला आणि उजव्या डोळ्यापुढं लोंबायला लागला. मी एका डोळ्यानं राज्य केलं. दुपारचा वारा सुटला तसा मांडव उचलायला लागला. मुलीचे वडील पुढं झाले आणि त्यांनी एका बाजूचा दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला.

मग ती आली. टायर गळ्यात, केस चापून बसवलेले. एकाच्या उजव्या हाताला उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "मी आले. आता मोजा." दोन पानं बोलून मला जे जमलं नव्हतं ते तिनं चार शब्दांत केलं. सगळा गाव टाळ्या वाजवायला लागला, त्या आवाजानं साहेब जागे झाले आणि तेही टाळ्या वाजवायला लागले. तिच्या वडिलांनी वाजवल्या नाहीत. त्यांचे हात दोरात होते.

"उत्तम उपक्रम," साहेब निघताना म्हणाले. "अहवाल लवकर पाठवा. नमुना म्हणून वर पाठवू."

त्या दिवशी मी जमिनीवर चालत होतो की नव्हतो, आठवत नाही.

सातवीची परीक्षा एप्रिलमध्ये, जिंतूरच्या केंद्रावर. मुलं गणिताचा पेपर देऊन बाहेर आली की एकेकाला गाठून उत्तरं विचारायची, ही आम्हा मास्तरांची रीतच होती. ती हसत बाहेर आली. सोपा गेला म्हणाली. मी प्रश्नपत्रिका हातात घेतली.

"सोळाशे वीसला चारनं भागलं. किती आले?"

"चारशे पन्नास."

"चारशे पाच," मी म्हणालो. "शून्य मधे येतं ना."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती, उलट गुरुजी विसरले की काय असा भाव होता.

"शून्य शेवटी येतंय की, गुरुजी. आपण बसवलं न्हवं का?"

मी पुढची गणितं विचारली. जिथं जिथं उत्तरात शून्य होतं, तिथं तिथं तिनं ते उजव्या टोकाला नेऊन उभं केलं होतं. दशांशातही तेच. सात रुपये पाच पैशांचे तिनं साडेसात करून टाकले होते. अडीच महिने, रोज, मी स्वतः हाताला धरून तिला तिथं उभं करत होतो आणि तिनं सगळ्यांत जास्त लक्ष दिलं होतं. बाकीची मुलं पुढं काठावर पास झाली, कारण ती नाटकात पळणारे आकडे किंवा शत्रूचे सैनिक होती आणि त्यांना तालमीकडं लक्ष द्यायची गरज नव्हती. व्याजाचं गणित तिनं सोडूनच दिलं होतं. ते मी शिकवलंच नव्हतं.

मी बरं म्हणालो. तिला एक गारेगार घेऊन दिलं.

इथपर्यंतचं सगळं वेडेपण म्हणून खपून गेलं असतं. पुढचं खपत नाही. त्याच आठवड्यात अहवाल पाठवायचा होता आणि त्यातही तो रकाना होता. उदाहरणातल्या विद्यार्थ्याची प्रगती. मी पेन हातात धरून थोडा वेळ बसलो. मग लिहिलं की, सदर विद्यार्थिनीस गणिताची गोडी लागली असून तिची या विषयातील प्रगती अतिशय समाधानकारक आहे. खाली सही केली. सहीखाली दोन रेघा मारायची तेव्हा मला सवय होती, त्याही मारल्या.

निकाल लागला. ती गणितात गेली.

दोन दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. सुट्टी होती, मी एकटाच रजिस्टर लिहीत बसलो होतो. ते आत आले आणि उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"गुरुजी, सरपंच सांगायलेत, साहेबाकडं तुमचा एक कागद गेलाय. पोरीला गणित लय चांगलं यायलंय असं लिवलंय त्यात."

"हो," मी म्हणालो.

"मग त्याची नक्कल मिळंल का? बोर्डिंगवाल्याला दावतो. निकालाच्या कागदात काय घोळ झाला असंल. तुमचा कागद सहीचा हाय."

टोमणा मारायला ते आले नव्हते. त्यांनी खरंच माझ्या कागदावर विश्वास ठेवला होता, परीक्षेच्या निकालापेक्षा जास्त. मला त्या क्षणी स्वतःची इतकी शरम वाटली की रजिस्टरवरून मान वर करवेना. आयुष्यात पुष्कळदा माझं हसं झालंय आणि बहुतेकदा मीही त्यात हसलोय. त्या दिवशी हसता आलं नाही.

"तो कागद खोटा आहे, दादा," मी म्हणालो. "निकाल खरा आहे. तिचं गणित माझ्यामुळं बिघडलं."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. चारशे पन्नास, चारशे पाच, तालमीत गेलेले तास, अहवाल. सांगून झाल्यावर ते दाराकडं वळले, आणि तिथून म्हणाले, "मी इच्यारलं होतं तुमाला. शून्यच कामून म्हणून."

ते गेल्यावर माझ्या मनात आलं की आता पोर खुरपायलाच जाणार. तसं झालं असतं तर मी हे आज लिहायला बसलोच नसतो. पण जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिल्या दिवशी ती सातवीच्या वर्गात, कोपऱ्यात, नव्या मुलांच्या मागं बसली होती. त्या संध्याकाळी वडील मला रस्त्यात भेटले.

"एक साल देतो. बोर्डिंगवाले पुढल्या साली बघू म्हणलेत, नक्की काय न्हाई. पण नाटक नगं."

"नाटक नाही," मी म्हणालो.

दिवाळीच्या आधी पुढच्या अनुदानाचा नवा फॉर्म आला, रकाने तेच, विद्यार्थ्याचं नाव आणि प्रगती. आमचा अहवाल वर फार आवडला होता. मोठ्या गुरुजींनी तो स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि विचारलं, "चिकटला का?" मी तो त्यांना पुड्या बांधायला दिला. पडदा सरपंचांकडंच राहिला. गावातल्या लग्नात मांडवावर तो चढायचा, दरबार कायम वरच्या बाजूला.

शिकवणं मात्र सोपं गेलं नाही. शून्य तिच्या डोक्यात उजव्या हाताला घट्ट बसलं होतं. फळ्यावर दहादा समजावलं तरी अकराव्यांदा ते शेवटी जाई. एका दुपारी मला काय वाटलं, मी कोपऱ्यातला टायर काढला आणि वर्गाला अंगणात आणलं. एका मुलाला चार केलं, एकाला पाच. तिच्या गळ्यात टायर घातला आणि तिला पाचाच्या उजव्या हाताला उभं केलं.

"किती?"

"चारशे पन्नास," सगळे म्हणाले.

मग मी तिला हाताला धरून दोघांच्या मधे आणलं. ती तिथं उभी राहिली. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. ओठ हलले. पुटपुटल्यासारखं म्हणाली, "मी आले. आता मोजा." मुलं हसली, तीही हसली.

"चारशे पाच," ती म्हणाली. मग स्वतःच चालत टोकाला गेली, पुन्हा मधे आली, पुन्हा टोकाला. प्रत्येक वेळी आकडा मोठ्यानं सांगत होती. ना पडदा, ना मुकुट, ना साहेब. मी कडेला निंबाखाली उभा होतो आणि मला बोलायला एकही वाक्य नव्हतं.

टायर काढून देताना तिनं विचारलं, "मग गुरुजी, नाटकात मला मधी कामून न्हाई उभं केलं?"

खोटं बोलायची सोय मी आधीच घालवून बसलो होतो.

"मधे मी उभा होतो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. तिला ते उत्तर बरोबर वाटलं असावं, भागाकाराच्या उत्तरासारखं.

एप्रिलमध्ये पेपर झाल्यावर मी केंद्राच्या बाहेर थांबलो नाही. मला उत्तरं विचारायची भीती वाटली. निकालाच्या दिवशीही मी मोठ्या गुरुजींनाच पुढं पाठवलं. ती पास झाली होती. गणितात बरे म्हणावेत असे मार्क होते. बोर्डिंगची जागा मिळायला पुढचे पंधरा दिवस गेले. तेवढ्या दिवसांत मी दोनदा सेलूला जाऊन आलो आणि तिथल्या माणसांपुढं अजिबात अभिनय न करता बोललो.

जूनमध्ये ती निघाली. फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत आम्ही उभे होतो. पत्र्याची पेटी, गोधडी, एका फडक्यात भाकरी. गाडी आली. वडिलांनी पेटी आत दिली, तिला खिडकीशी बसवलं आणि खाली उतरले. ते सोबत जाणार नव्हते, दुसऱ्याच्या शेतात पेरणी होती. गाडी हलली तेव्हा तिनं हात केला, वडिलांना आणि मग मलाही.

धूळ खाली बसेपर्यंत ते रस्त्याकडं बघत राहिले. नंतर माझ्याकडं वळून म्हणाले, "आता लिवा त्यो कागद."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी मोठ्या गुरुजींच्या तंबाखूच्या डब्यातून तो फॉर्म सोडवून आणला, सरळ केला आणि लिहायला बसलो. तिचं नाव लिहिलं. प्रगती लिहिली. पण पहिल्याच ओळीत उपक्रमाचं नाव विचारलं होतं आणि तिथं काय लिहावं ते मला सुचलं नाही.